लिक्विड लेटेक्स घ्यायचं का? घ्या, पण आधी केळ्याचं विचारा

ऑक्टोबर उजाडला की हॅलोविनसाठी, म्हणजे भुताखेतांचे वेश करायच्या त्या पाश्चात्य सणासाठी, जळगावात कोणी ना कोणी विचारतंच, ताई ते खोट्या जखमा करायचं रबर कुठलं घेऊ, ऑनलाइन तर ढीगभर प्रकार दिसताहेत, म्हणून यावेळी सगळं एकदाच लिहून टाकते. मी लग्नाचे मेकअप करते पण खरा जीव नाटकाच्या मेकअपमध्ये, आणि लिक्विड लेटेक्सची बाटली माझ्या पेटीत कायम असते. माझं मत सांगायचं तर घरच्या घरी, कमी पैशात, बघणाऱ्याच्या पोटात गोळा येईल अशी जखम करायची असेल तर याच्या तोडीचं दुसरं काही नाही. सिलिकॉनच्या तयार जखमा दिसतात छान, पण महाग पडतात आणि त्या एकाच आकाराच्या, सगळ्यांच्या गालावर तीच जखम. लेटेक्समध्ये तुम्ही करता ती जखम तुमची असते.

हे आहे काय तर रबराच्या झाडाचा चीक. आपल्या देशात रबर मुख्यतः केरळात पिकतं. झाडाला खाच पाडली की पांढरा चीक गळतो, तो लगेच गोठू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात. त्यामुळे बाटली उघडल्या उघडल्या नाकात झणका जातो, डोळ्यात पाणी येतं, पण तो वास म्हणजे माल खराब असं समजू नका. अमोनिया उडून जातो, चीक वाळला की वास बराच कमी होतो. फक्त खोलीची खिडकी उघडी ठेवा आणि पंखा लावा, बंद बाथरूममध्ये आरशासमोर बसून हे काम करू नये.

आता मुद्द्याचं, घेताना बाटलीवर काय लिहिलंय ते नीट वाचा. साचे काढायचं, मुखवटे ओतायचं लेटेक्स वेगळं आणि अंगाला लावायचं वेगळं. कारखान्यातल्या जास्त अमोनियावाल्या लेटेक्समध्ये तो साधारण ०.७ टक्के असतो, कमीवाल्यात ०.२ टक्क्यांच्या आसपास, आणि साच्याचा माल अंगासाठी बनवलेलाच नसतो, कातडी भाजल्यासारखी लाल होऊ शकते. तो मोठ्या कॅनमध्ये स्वस्त मिळतो म्हणून पोरं घेतात, माझं म्हणणं आहे अजिबात घेऊ नका. मेकअपसाठी असं स्पष्ट लिहिलेलंच घ्या. क्रायोलान, मेहरॉन, बेन नाय ही मेकअपवाल्यांची जुनी नावं आहेत आणि तिघांचंही लेटेक्स मिळतं. पहिल्यांदा घेणाऱ्याने सगळ्यात छोटी बाटली घ्यावी, एका चेहऱ्याला वाटतं त्यापेक्षा खूप कमी लागतं. आमच्याकडे फुले मार्केट, गोलाणी मार्केट पालथं घातलं तर कापूस, टिश्यू, स्पंज, रंग सगळं मिळेल, पण लेटेक्स मात्र मी बाहेरूनच मागवते, त्यामुळे हॅलोविन ३१ ऑक्टोबरला आणि ऑर्डर २९ ला असं करू नका.

आणि आता केळ्याचं. ही गोष्ट मी कोणालाही लेटेक्स लावायच्या आधी विचारते आणि लोक माझ्याकडे बघतच राहतात, की मेकअपचा आणि केळ्याचा काय संबंध. संबंध आहे. रबराच्या चिकात जी प्रथिनं असतात त्यांच्याशी मिळतीजुळती प्रथिनं केळ्यात, किवीत, अ‍ॅव्होकॅडोत असतात, आणि लेटेक्सची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांपैकी साधारण ३० ते ५० टक्के लोकांना अशा कुठल्या ना कुठल्या फळाचाही त्रास होतो. आपण रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातली माणसं, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्याकडे पाहुण्याच्या हातात सहज केळं दिलं जातं आणि एखाद्या पोराने सांगितलं की केळं खाल्लं की घसा खाजतो तर घरचे म्हणतात नखरे करतोय. तो नखरा नसू शकतो हो. केळं खाल्ल्यावर ज्याच्या ओठाला-घशाला खाज येते, फुगा फुगवताना ज्याचे ओठ सुजतात, रबरी हातमोजे घातल्यावर ज्याच्या हातावर पुरळ येतं, त्याला लेटेक्स लावायचंच नाही, टेस्ट म्हणून थेंबभरसुद्धा नाही. यात नुसती खाज येऊन थांबत नाही, काही जणांना श्वास लागण्यापर्यंत जातं, मग सरळ दवाखाना. बाकीच्यांनी कोपराच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावून २४ तास बघायचं. दवाखान्यात काम करणाऱ्या ताई-दादांनी तर जास्तच सांभाळा, रोज हातमोजे घालून घालून ही अ‍ॅलर्जी त्यांच्यात जास्त आढळते.

अ‍ॅलर्जी असेल तर मग काय? जिलेटिन आणि ग्लिसरीनची जखम करतात, दिसायला कातडीसारखीच, पण आपल्याकडे दोन अडचणी आहेत. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं, शाकाहारी घरात आधी विचारून घ्यावं लागतं, आणि दुसरं म्हणजे ते उष्णतेने विरघळतं, आपल्या ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी लावलं तर संध्याकाळपर्यंत गालावरून ओघळायला लागेल. त्यापेक्षा जखमेचं मेण मिळतं ते बरं, लेटेक्स नसलेलं बघून घ्या.

लावायची पद्धत सोपी आहे पण घाई चालत नाही. भुवया, कानाजवळचे केस, हातावरची लव, जिथे जिथे केस तिथे आधी व्हॅसलीनचा हात फिरवा, नाहीतर काढताना केस मुळासकट येतील आणि पोरगं जे ओरडेल ते हॅलोविनचं नसेल. डोळ्याच्या पापणीवर आणि ओठांच्या आत लावायचंच नाही, यावर चर्चा नको. मग स्पंजच्या तुकड्याने एक पातळ थर द्या. ओलं असताना ते दुधासारखं पांढरं दिसतं आणि वाळलं की पारदर्शक, जरासं पिवळट होतं, हा रंग बदलला म्हणजे थर वाळला. हेअर ड्रायर वापरायचा तर थंड हवेवर. आता टिश्यू पेपरचा एकच पदर सुटा करा, हाताने फाडा, कात्रीने कापू नका कारण कापलेली सरळ कड मेकअपच्या खालून दिसते आणि फाटलेली कड कातडीत मिसळून जाते. तो चिकटवायचा, वरून परत लेटेक्स, परत टिश्यू, मधे जाड आणि कडेला पातळ असं. पुरेसं जाड झालं की मधोमध बोटाने उचलून फाडायचं, तिथे जखमेचं तोंड उघडतं. आत काळपट लाल, त्याच्यावर ताजा लाल, भोवती थोडा जांभळा आणि हिरवट पिवळा, मुका मार असतो ना तसा.

भाजलेली कातडी करायची असेल तर टिश्यूऐवजी कापूस पसरा, वरून लेटेक्स, आणि वाळत आल्यावर जागोजागी चिमटीने ओढून फाडा. आपण भरतासाठी वांगं भाजतो आणि मग त्याची काळी साल सुटून सुटून वर येते ना, हुबेहूब तसं दिसतं. झोंबीची सडकी कातडी हवी तर लेटेक्समध्ये जाडा रवा किंवा ओट्स मिसळून थापा. ह्या भाजलेल्या हातावरच मला या वस्तूचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं. भाच्याच्या हातावर केलं होतं तेव्हा शेजारच्या आजी दारातून आत आल्या आणि "काय झाये व माय पोऱ्याले" म्हणत हळद आणायलाच निघाल्या, त्यांना खुर्चीत बसवून, पाणी देऊन, लेटेक्सची एक कड उचलून दाखवावी लागली. तर घरात म्हातारं माणूस असेल, कोणाला बीपी असेल, तर आधी सांगून ठेवा.

वाळलेलं लेटेक्स स्वतःलाच चिकटतं हे ध्यानात ठेवा. कोपराच्या किंवा बोटांच्या घडीत लावलं आणि हात मिटला तर दोन्ही बाजू एक होऊन बसतात, म्हणून प्रत्येक वेळी शेवटी पावडर मारायचीच, साधी टाल्कम चालते.

रंगाचं थोडं अवघड आहे. लेटेक्सवर फाउंडेशन अंगावर लागतं तसं लागत नाही, गडद दिसतं, म्हणून एक शेड फिकट घ्या. तेलकट क्रीम सरळ वर थापू नका, खनिज तेल आणि व्हॅसलीन रबराला सैल करतं, कडा सुटतात, ताणलं की तुटतं. नाटकवाले लोक त्यासाठी एरंडेलावर बनवलेला खास रंग वापरतात कारण एरंडेल रबराला तसं खात नाही. घरच्यासाठी पाण्यात कालवायचे फेस पेंट आणि पावडर पुरे. रक्त मात्र विकत घेऊ नका. काकवी घ्या, त्यात खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको, काकवीचा तपकिरीपणा रक्ताला खरा रंग देतो, नुसत्या साखरेच्या पाकाचं रक्त सरबतासारखं दिसतं. एवढंच की मुंग्या येतात आणि पांढऱ्या कपड्याला लागलं तर डाग राहतो.

टिकतं किती? थंड हॉलमध्ये संध्याकाळभर मस्त. पण घाम हा याचा शत्रू. आपल्याकडचा ऑक्टोबर तुम्हाला माहितीच आहे, कपाळावर आणि नाकाशेजारी घामाने थर खालून सुटतो आणि फुग्यासारखा वर येतो. मी जखम नेहमी गालाच्या हाडावर, हातावर किंवा मानेच्या बाजूला करते, आणि लावायच्या आधी कातडी धुऊन कोरडी ठणठणीत करते. पूर्ण चेहरा लेटेक्सने मढवू नका, लहान पोरांचा तर नाहीच. आणि हॅलोविन दिवाळीच्या आगेमागे येतं, २०२४ ला तर नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी होतं. रबर आणि कापूस दोन्ही पेट घेतात, तेव्हा असा मेकअप अंगावर असताना फटाके आणि पणत्यांपासून लांब. हे मी अगदी हात जोडून सांगते.

काढताना ओरबाडायचं नाही. कडेला खोबरेल लावा, पाच मिनिटं थांबा, मग कोमट पाण्याने, केसांच्या दिशेने हळूहळू गुंडाळत न्या. तेल रबराला सैल करतं म्हणून वर नको म्हटलं होतं, तोच गुण इथे कामाला येतो. कपड्यावर सांडलेलं मात्र निघत नाही, ब्रशमध्ये वाळलेलं पण निघत नाही, म्हणून जुना टी-शर्ट आणि टाकाऊ स्पंज. ब्रश वापरायचाच असेल तर आधी साबणात बुडवून घ्या.

युवारंगला, म्हणजे आमच्या विद्यापीठाच्या युवक महोत्सवाला, स्किट करणाऱ्या पोरापोरींनी तर हे घ्यावंच, कारण हॅलोविनपेक्षा म्हातारपणासाठी याचा उपयोग जास्त आहे. पांढरी पावडर आणि पेन्सिलीच्या रेघा ओढून केलेला म्हातारा तिसऱ्या रांगेतूनही खोटा दिसतो. त्याऐवजी दोन बोटांनी गालाची कातडी ताणून धरा, पातळ लेटेक्स टिपा, ताणलेलंच असताना वाळवा, पावडर मारा आणि मग सोडा. कातडी सुटली की शेकडो बारीक सुरकुत्या आपोआप पडतात आणि हसलं-बोललं की त्या हलतात. पहिल्यांदा आरशात बघणाऱ्याला स्वतःचा आजा दिसतो. विंगेत जाऊन पाच मिनिटांत होणारं काम नाही, तालमीच्या वेळी करून बघा.

राहिलं बाटलीचं. वापरून झालं की तोंड पुसून झाकण घट्ट लावा, नाहीतर तोंडाशीच रबराचा बूच तयार होतो. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवली तर आतच घट्ट होते, म्हणून घरातला सगळ्यात गार कोपरा, माठाजवळची जागा चालेल, फ्रीझर नाही कारण गोठलं की परत पहिल्यासारखं होत नाही. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. गुठळ्या दिसल्या किंवा अमोनियाऐवजी कुजका वास यायला लागला तर पाणी घालून पातळ करत बसू नका, टाकून द्या आणि नवी मागवा.