मोठ्यांचे क्लास काढायचे असतील तर जागा आधी तपासून घ्या: एका सल्लागाराच्या सर्व्हिसचा रिव्ह्यू

पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला मोठ्या बायकांसाठी संध्याकाळचे शिवणकामाचे आणि मोबाईल बँकिंगचे क्लास सुरू करायचे होते, त्यासाठी एका आर्किटेक्टच्या ऑफिसकडून जागा तपासणी करून घेतली, त्याबद्दल लिहितेय. 5 पैकी 4 स्टार. एक स्टार कशाचा कापला ते पुढे येईलच, पण आधी सांगते की भाड्याचा करार करण्याआधी हे काम करून घेणं मला आता अगदी गरजेचं वाटतं, कारण क्लासवाल्या बहुतेक बायका (आणि पुरुषही) शॉप ॲक्टची पावती काढतात, भिंतीवर फ्रेम करून लावतात आणि समजतात की झाली परवानगी.

तशी ती होत नाही. 2017 च्या नव्या दुकाने व आस्थापना कायद्यात, म्हणजे शॉप ॲक्टमध्ये, मोजकेच कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते, त्याची पोच मिळते, बस. आपण व्यवसाय सुरू केलाय एवढंच ती सांगते. त्या खोलीत, त्या मजल्यावर, त्या रस्त्यावर क्लास चालवायला महापालिकेची हरकत नाही असं ती कुठेही म्हणत नाही. या ऑफिसमधल्या मॅडमनी पहिल्याच भेटीत हे सांगितलं आणि वर म्हणाल्या की शॉप ॲक्टची सूचना आणि उद्यम रजिस्ट्रेशन (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) तुमचं तुम्ही घरी बसून करा, उद्यम तर फुकट आहे, त्याचे आम्ही पैसे घेणार नाही. इथेच माझा विश्वास बसला, कारण याआधी एका एजंटने मला याच दोन कागदांचं 'फुल लायसन्स पॅकेज' सांगितलं होतं.

खरं काम पुढे आहे. महाराष्ट्रात मुंबई आणि काही खास क्षेत्रं सोडली तर बहुतेक शहरांना डिसेंबर 2020 पासून बांधकामाची आणि जागेच्या वापराची एकच नियमावली लागू आहे, युडीसीपीआर म्हणतात तिला, मुंबईला वेगळी डीसीपीआर 2034 आहे. तर या नियमावलीप्रमाणे जागा कोणत्या झोनमध्ये (रहिवासी, व्यापारी वगैरे) आहे आणि समोरचा रस्ता किती रुंद आहे यावर तिथे काय चालेल ते बरंचसं ठरतं. म्हणजे एकाच गल्लीत आतली बिल्डिंग आणि मेन रोडवरची बिल्डिंग, दोन्ही रहिवासीच, पण दोन्हीकडे सारखंच चालेल असं नाही. मॅडमनी झोन दाखला आणि भाग नकाशा काढला, बिल्डिंगचा मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र (बिल्डिंग वापरायला महापालिकेने दिलेली परवानगी) बघितलं, मग स्वतः येऊन टेपने रस्ता मोजला. टेपने! मला हे फार आवडलं.

मला आवडलेली पहिली जागा होती एका कॉम्प्लेक्सच्या तळघरातला हॉल. मोठा, थंड, भाडं कमी, मालक पण चांगला. मॅडमनी मंजूर नकाशा उघडला, तिथे त्या हॉलवर पार्किंग आणि स्टोअरेज लिहिलेलं. त्या सरळ नाही म्हणाल्या. मी थोडा वाद घातला की मोठी माणसं आहेत, लहान मुलं नाहीत, तर त्यांनी दिल्लीच्या राजेंद्र नगरची आठवण करून दिली. 27 जुलै 2024 ला तिथे कोचिंगच्या तळघरातल्या लायब्ररीत पावसाचं पाणी घुसलं आणि तीन विद्यार्थी गेले, तेही मोठेच होते, यूपीएससीची तयारी करणारे, आणि त्या तळघराला परवानगी स्टोअरेज-पार्किंगचीच होती. त्याआधी सुरतला 24 मे 2019 ची आग, वरच्या मजल्यावरचा क्लास, 22 जीव. हे ऐकल्यावर मी तळघराचं नाव काढलं नाही. वापराचे नियम म्हणजे नुसती बाबूगिरी असं आपल्याला वाटतं ना, पण नकाशावरच्या त्या एका शब्दामागे पाणी कुठून येणार आणि माणसं कुठून बाहेर पडणार हा हिशोब असतो.

दुसरा पर्याय होता माझाच फ्लॅट. इथे मला बरंच नवीन कळलं. घरातल्याच माणसांनी, पगारी माणूस न ठेवता, घरात शिवणकाम-भरतकाम करणं रहिवासी भागात चालतं, नियमावलीत तसं लिहिलंय. पण बाहेरच्या बायकांची बॅच रोज बसवून शिकवणं त्यात आपोआप बसतं असं धरू नका, महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात लेखी विचारा, असं त्यांनी बजावलं. शिवाय एमआरटीपी कायद्यात, म्हणजे 1966 च्या राज्याच्या नगररचना कायद्यात, इमारतीच्या वापरात मोठा बदल करणं हे सुद्धा 'विकास' धरलं जातं, म्हणजे भिंत न पाडता नुसता वापर बदलला तरी परवानगीचा प्रश्न येतो. आणि राष्ट्रीय इमारत संहितेत शैक्षणिक इमारतीची व्याख्या 20 विद्यार्थ्यांपासून सुरू होते, आगीच्या हिशोबाला शैक्षणिक वापरात माणशी 4 चौरस मीटर धरतात, त्यावरून दारं-जिने किती रुंद हवेत ते काढतात. माझ्या मनात एका बॅचला 25 बायका होत्या, ते तिथेच बदललं, बॅच लहान केल्या.

मोठ्यांच्या क्लासची एक गोष्ट वेगळी असते जी फारसं कोणी बोलत नाही. लहान मुलं चालत येतात किंवा आई सोडून जाते, मोठी माणसं कामावरून थेट स्वतःच्या स्कूटरवर येतात, संध्याकाळी सातला, म्हणजे बरोबर सोसायटीतले लोक घरी परततात तेव्हा. भांडण झोनवरून होत नाही, पार्किंगवरून होतं, आणि तक्रार मग झोनची जाते. मॅडमनी म्हणून सोसायटीची एनओसी लेखी घ्यायला लावली, त्यात वेळ आणि गाड्या कुठे लावायच्या ते सुद्धा लिहून. बायकांसाठी वेगळं टॉयलेट आहे का, गुडघे दुखणाऱ्या बाईला जिना चढता येईल का, हेही त्यांनी विचारलं, जे मला कुठल्याच सरकारी फॉर्मवर दिसलं नव्हतं.

शेवटी मेन रोडवर तळमजल्याचा दुकान गाळा घेतला, जिथे व्यापारी वापर आधीपासून मंजूर आहे. भाडं जास्त आहे, लाईट बिल आणि प्रॉपर्टी टॅक्सपण व्यापारी दराने, पण झोप लागते. साक्षरतेची एक बॅचही माझ्या मनात होती, तिच्यासाठी मॅडमनी वेगळीच वाट सांगितली, ती मला सगळ्यात जास्त भावली. उल्लास नावाचा केंद्राचा कार्यक्रम आहे 2022 ते 2027 चा, 15 वर्षांवरच्या निरक्षरांसाठी, स्वयंसेवक शिकवतात, तर त्यासाठी धंद्याची जागा कशाला, जवळच्या शाळेची खोली शाळा सुटल्यावर लेखी परवानगीने मागा. आता तो प्रयत्न चालू आहे.

आता तक्रारी. रिपोर्ट पूर्ण इंग्लिशमध्ये दिला, माझ्यासोबत शिकवणाऱ्या ताईंना तो वाचता येत नाही, आणि क्लास आम्ही दोघी चालवणार, तर मराठीत एक पान तरी द्यायला हवं होतं. फोनवर फी सांगितली त्यात महापालिकेतून नकाशाची प्रत काढण्याचा खर्च नव्हता, तो नंतर जोडला. आणि फायरबद्दल अर्धवट सांगितलं. राज्याच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यात अग्निसुरक्षेची जबाबदारी मालक आणि वापरणारा दोघांवर येते आणि जिथे आग विझवायची यंत्रणा बसवलेली असते तिथे जानेवारी आणि जुलैमध्ये लायसन्सवाल्या एजन्सीचं प्रमाणपत्र द्यायचं असतं, हे मला गाळ्याच्या मालकाकडून कळलं, यांच्याकडून कळायला पाहिजे होतं.

जायचं असेल तर टोकन देण्याआधी जा, नंतर नाही. मालकाकडून मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्राची प्रत आधीच मागून ठेवा, म्हणजे तो वरचा खर्च वाचतो, आणि मालक द्यायला टाळाटाळ करत असेल तर मॅडमना तेही सांगा, त्या त्यावरूनच बरंच ओळखतात.