व्हिसाच्या नावाखाली घरी येऊन आईबाबांच्या बोटांचे ठसे नेले

हे लिहायला मला बरेच महिने लागले, कारण चूक माझीही होती. पण परवा ओळखीतल्या एका काकूंनी विचारलं, ‘व्हिसाचे ठसे-फोटो, म्हणजे बायोमेट्रिक, घरी येऊन घेणारा कुणी माहीत आहे का?’ आणि मग राहवेना.

ताई कॅनडात असते. तिच्या पहिल्या बाळंतपणाला आईबाबा २०१९ मध्ये जाऊन आले होते. २०२४ मध्ये दुसऱ्या वेळी जायचं ठरलं. मधल्या काळात पासपोर्ट संपले, त्यांच्यासोबत जुना व्हिसाही संपला, म्हणजे सगळं नव्याने करायचं. ताईला दिवस भरत आलेले, तिला त्रास नको म्हणून मी एका व्हॉट्सॲप ग्रुपवरून एजंट शोधला. बोलायला अतिशय आदबशीर. ‘आईबाबांची बायोमेट्रिकची मुदत संपली आहे, पुन्हा द्यावी लागेल. पण या वयात त्यांना केंद्रावर ताटकळत कशाला ठेवता? आमचा माणूस घरी येईल,’ असं तो म्हणाला. काही देशांची अधिकृत केंद्रं जादा पैसे घेऊन घरी येण्याची सोय देतात, हे मी ऐकलं होतं. त्यामुळे शंका आली नाही.

माणशी ८५ कॅनेडियन डॉलर, दोघांचे १७०, शिवाय घरी येण्याचे वेगळे, असे पैसे मी त्याच्या खात्यावर पाठवले. दुसऱ्या दिवशी कॅनडा सरकारचं बोधचिन्ह असलेलं पत्र व्हॉट्सॲपवर आलं. ‘३० दिवसांत बायोमेट्रिक द्या’ असं त्यात होतं. ८५ डॉलरची फी खरी, ३० दिवसांची मुदतही खरी. अशी माणसं खऱ्या नियमांत खोटं कालवतात, म्हणून तर पटतं.

रविवारी सकाळी एक तरुण मुलगा लॅपटॉप आणि काडेपेटीएवढं यंत्र घेऊन आला. भिंतीवर पांढरी चादर लावून मोबाइलवर फोटो काढले, चष्मे उतरवायला लावले. मग ठसे. आईची बोटं घासलेली, यंत्रावर उमटेनात. ‘कपाळावरून फिरवा जरा,’ तो म्हणाला. आईने रेशन दुकानात करते तसं एकेक बोट कपाळाला लावलं, पदराला पुसलं आणि दाबलं. अंगठा तर त्याने चार-पाच वेळा घेतला. माझ्या डोळ्यांसमोर.

बाबा त्याच वेळी म्हणाले होते, ‘मागच्या वेळी मोठ्या काचेवर चारही बोटं एकदम ठेवायला लावली होती. मग दुसरा हात, मग दोन्ही अंगठे. हे एकेक बोट कसलं?’ मुलगा म्हणाला, ‘काका, नवीन मशिन आहे.’ आणि मीच बाबांना म्हणालो, ‘अहो, त्यांचं रोजचं काम आहे, घेऊ द्या.’ हे वाक्य माझ्या मनातून अजून जात नाही.

जाताना त्याने ‘ओळखपत्र म्हणून’ दोघांच्या आधार कार्डांचे फोटो घेतले. कॅनडाच्या बायोमेट्रिकला पासपोर्ट आणि ते पत्र लागतं, आधार लागत नाही. हे मला नंतर कळलं.

बारा दिवसांनी आईच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आला, दहा हजार काढल्याचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा हजार. ती घराबाहेर पडली नव्हती, एटीएम कार्ड कपाटात होतं. बँकेत गेल्यावर कळलं, पैसे आधार आणि अंगठ्यावर निघाले होते. बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि ठसा एवढं जुळलं की पैसे मिळतात. ना ओटीपी लागतो, ना पिन. सायबर पोलिसांनी सांगितलं की ठशाची स्वच्छ प्रतिमा हाती आली की त्यावरून सिलिकॉनचा अंगठा तयार करता येतो.

आम्ही त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि बँकेत लेखी अर्ज दिला. अशा वेळी एक दिवसही घालवू नका. आपली चूक नसताना तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले असतील आणि बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही तक्रार केली, तर आमच्या वेळी लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार नुकसान ग्राहकाच्या माथी येत नव्हतं. आमची बँक मात्र म्हणते, ठसा तुम्हीच दिलात. वाद अजून चालू आहे. त्या रात्री दोघांच्या आधारची बायोमेट्रिक लॉक केली. आधारच्या अधिकृत ॲपमधून ते फुकट होतं. ज्यांच्या घरात वयस्कर माणसं आहेत, त्यांनी कुणी ठसे मागण्याची वाट न बघता करून ठेवावं.

आणि व्हिसा? ताईने अर्ज क्रमांक मागितला, तेव्हा एजंट फोन उचलेना. अर्ज भरलाच गेला नव्हता. खरं पत्र अर्ज आणि फी भरल्यावर, ज्या ऑनलाइन खात्यातून अर्ज केला त्यात येतं. माझ्याकडे त्या खात्याचा पासवर्डही नव्हता. ‘ते फक्त एजंटला दिसतं’ हे त्याचं म्हणणं मी खरं मानलं होतं. पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जाचं काम कॅनडात नोंदणी असलेले वकील, तिथल्या क्युबेक प्रांताचे नोटरी किंवा परवानाधारक सल्लागार करू शकतात आणि सल्लागारांची यादी त्यांच्या ‘कॉलेज’च्या, म्हणजे त्यांना परवाना देणाऱ्या संस्थेच्या, साइटवर सर्वांना बघता येते. मी ती उघडलीसुद्धा नव्हती.

शेवटी ताईनेच रात्री बसून अर्ज भरला. त्याआधी तिने कॅनडा सरकारच्या साइटवर आईबाबांच्या बायोमेट्रिकची मुदत तपासली. व्हिजिटर व्हिसासाठी एकदा दिलेले ठसे दहा वर्षं चालतात. पासपोर्ट बदलला, व्हिसा संपला, तरी ते चालूच राहतात. आईबाबांनी ते फेब्रुवारी २०१९ मध्ये दिले होते. पडद्यावर दोघांच्याही नावापुढे मुदत आली, फेब्रुवारी २०२९.