कळलावी बियांपासून: पंधरा महिन्यांचा अनुभव

फूल अजून आलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. जून २०२४ मध्ये वीस बिया पेरल्या होत्या. आज सप्टेंबर २०२५ मध्ये सहा वेल हाती आहेत, त्यातला सगळ्यात उंच माझ्या कमरेला लागतो. तरी ज्यांना घाई नाही त्यांनी जरूर लावावी.

बिया काटोलकडच्या मावशीच्या शेतातल्या, धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) काटेरी झुडपात चढलेल्या वेलाच्या. दिवाळीनंतर फळं उकलली की आत लालभडक दाणे दिसतात. पुडी हातात देताना मावशी म्हणाली, “घरी काहून नेते वो बाई? भांडणं लागतात त्यानं.” माझ्या घरी त्यासाठी कळलावीची गरज नाही, असं मी म्हटलं तेव्हा कुठे सोडलं तिनं. नावातली कळ मुळात बाळंतपणाची. कळा याव्यात म्हणून पूर्वी हिचा कंद वापरत.

बिया कागदी पाकिटात ठेवल्या. पेरायच्या आदल्या दिवशी कोमट पाण्यात भिजवून वरचं लाल साल चोळून काढलं, हातमोजे घालून. मग वाट. पहिला कोंब अडतिसाव्या दिवशी दिसला, तेव्हा मी कुंडीत मेथी टाकायच्या विचारात होते. सप्टेंबरपर्यंत सात उगवल्या. आणखी एक यंदाच्या जूनमध्ये, म्हणजे पेरल्यावर वर्षानं! बाकीच्या गेल्या असं समजते, पण ती माती अजून फेकलेली नाही.

पहिल्या वर्षी रोप अगदीच साधं दिसतं. वीतभर दांडी, चार-पाच पानं, आणि पानाच्या टोकाला ती प्रसिद्ध गुंडाळी, जिनं वेल आधार धरतो, नाहीच. ऑक्टोबरच्या शेवटी सगळं पिवळं पडून वाळलं. इथेच बहुतेकांचा घात होतो. आमच्या सासऱ्यांनी “मेलं ते” म्हणून एक कुंडी गच्चीच्या कोपऱ्यात उलटी केली. माती चाळली तर दोन पांढुरके कंद निघाले, शेंगदाण्याएवढे. एकाचं टोक मोडलं होतं. या कंदाचा डोळा टोकालाच असतो, तो गेला की कंद गेला. तो खरंच परत उगवला नाही. नंतर मी प्रत्येक कुंडीवर ‘जिवंत आहे’ अशी पाटी लावली.

नोव्हेंबर ते मे पाणी बंद. कुंड्या जिन्याखाली, कूलरच्या ओलाव्यापासून लांब. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, नागपूरचं काय होतं ते सांगायला नको. मीच दोनदा हात घालून माती उकरायला गेले आणि परत फिरले. मृग लागल्यावर आठवड्याभरात पहिला कोंब वर आला. या वर्षी पानांची टोकं ताणून गुंडाळली आणि शेजारच्या तुरीच्या काडीला धरून वेल चढले.

तुलनेसाठी २०२४ मध्येच एका प्रदर्शनातून तयार कंद आणला होता. नांगराच्या आकाराचा, म्हणूनच संस्कृतात हिला लांगली म्हणतात. तो त्याच पावसाळ्यात फुलला. पाकळ्या आधी हिरवट-पिवळ्या, मग खालून पिवळ्या नि वरून लाल, शेवटी पूर्ण लाल. पण मी तो आपल्या काळ्या मातीत लावला होता. यंदा जुलैच्या झडीत कुजला, हाताला चिखलासारखा लागला. बियांच्या रोपांना मी काळी माती जेमतेम एक हिस्सा दिली, बाकी मुरूम, रेती आणि सागाचा कुजलेला पाला. ती टिकली.

कीड एकच, पण भयंकर खादाड: पॉलिटेला नावाच्या पतंगाची अळी, काळ्या अंगावर पांढरे-लाल ठिपके. एका रात्रीत दोन वेलांचे शेंडे साफ केले. चिमट्यानं वेचल्या, फवारणी केली नाही.

विषाबद्दल हलकं घेऊ नका. गाऊटवर दिलं जाणारं कोल्चिसीन हिच्यात असतं, कंदात आणि बियांत तर भरपूर, आणि थोडंसं पोटात गेलं तरी जिवावर बेतू शकतं. घरात रांगतं मूल असेल तर लावूच नका. कंद रताळ्याच्या टोपलीजवळ तर चुकूनही ठेवू नका.

बियांना फुलायला सहसा तिसरा पावसाळा लागतो. फूलच हवं असेल तर कंद घ्या, पण मुरूम आधी आणा. माझ्या सहा कुंड्या दसऱ्यानंतर पुन्हा जिन्याखाली जातील. पाट्या तयार आहेत, सासऱ्यांना या वेळी तोंडीही सांगितलंय.