सोसायटीतील अग्निसुरक्षा प्रशिक्षण: तांडेलांच्या हाताखालचा एक दिवस

पुण्याच्या पश्चिम भागातील आमच्या 12 मजली गृहनिर्माण संस्थेने गेल्या मे महिन्यात एका खासगी संस्थेकडून एक दिवसाचे अग्निसुरक्षा प्रशिक्षण घेतले. सचिव या नात्याने दरपत्रके मागवणे, पैसे चुकते करणे आणि नंतर सभासदांची बोलणी ऐकणे ही तिन्ही कामे माझ्याकडे होती. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेविषयी काही तक्रारी आहेत, त्यामुळे तिचे नाव येथे देत नाही. मात्र ज्या तीन ठिकाणांहून आम्ही दरपत्रके मागवली, त्या तिघांची आखणी जवळजवळ सारखीच होती, तेव्हा असे प्रशिक्षण घेऊ पाहणाऱ्या इतर सोसायट्यांना या अनुभवाचा उपयोग होऊ शकेल.

प्रशिक्षणाची गरज का वाटली, ते आधी सांगतो. दीड वर्षापूर्वी आमच्या तळमजल्यावरील मीटरच्या खोलीत आग लागली. नुकसान फार झाले नाही, पण धूर जिन्यातून चौथ्या मजल्यापर्यंत चढला आणि त्या वीस मिनिटांत आमच्यातले निदान सहा जण एकाच वेळी हुकूम सोडत होते. एकाने लिफ्ट बंद करायला लावली, दुसऱ्याने तीच लिफ्ट म्हाताऱ्या माणसांना आणण्यासाठी वर पाठवा म्हणून ओरडा केला, तिसऱ्याने बंब आत यावा म्हणून स्वतःची गाडी हलवली आणि ती नेमकी फाटकात आडवी उभी केली. बंब आल्यावर पथकाच्या अधिकाऱ्यांनी आत कोणी राहिले आहे का, असे विचारले, तेव्हा सातव्या मजल्यावरचे आजोबा अडकले आहेत, असे आम्ही छातीठोकपणे सांगितले. दोन जवान पाठीवर बीए सेट (धुरात श्वास घेण्यासाठीचे हवेचे सिलिंडर आणि मुखवटा) चढवून धुरातून सात मजले चढून गेले, दार फोडले, चारही खोल्या चाचपल्या आणि खाली आले. आजोबा त्या वेळी कोपऱ्यावरच्या डेअरीत दुधाच्या रांगेत उभे होते. अधिकारी आमच्यावर रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, ‘‘तुमच्यात प्रमुख कोण?’’ आणि आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले.

प्रशिक्षणाचे शुल्क 18,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी असे होते. सकाळी क्लब हाऊसमध्ये दोन तासांचे व्याख्यान, मग अग्निशामक उपकरणांचे प्रात्यक्षिक आणि दुपारी इमारत रिकामी करण्याचा सराव असा क्रम होता. या तीन भागांचा दर्जा इतका वेगवेगळा होता की एका संस्थेचेच हे काम आहे, यावर विश्वास बसू नये.

सकाळचे व्याख्यान निराशाजनक होते. व्याख्याते तरुण आणि नम्र होते, पण पडद्यावरचा मजकूर अमेरिकेतील अग्निशमन दलाच्या कॅप्टनसाठी तयार केलेला होता आणि तो ते ओळीने वाचून दाखवत होते. तिकडे कॅप्टन हा एका बंबावरच्या छोट्या पथकाचा प्रमुख असतो, पूर्ण वेळ सेवा देणाऱ्या दलांत त्या पथकात किमान चार जण असावेत असे तिथले मानक सांगते, आणि पाळी सुरू झाल्यावर साधनांची तपासणी करून घेण्यापासून ते वर्दीवरून, म्हणजे आगीच्या बोलावण्यावरून, परतल्यावर अहवाल लिहिण्यापर्यंतची जबाबदारी त्याची असते. मजकुरात चुकीचे काहीच नव्हते, उलट एरवी मी तो आवडीने वाचला असता. पण आमच्यासमोर बसलेल्या वॉचमन मामांना आणि पहिल्या मजल्यावरच्या आजींना त्याचा आपल्या जिन्याशी काय संबंध, हे कोणी सांगितले नाही. दीड तासाने निम्मी खोली मोबाइलमध्ये डोके घालून बसली होती.

उपकरणांच्या प्रात्यक्षिकाबद्दल थोडक्यात लिहितो. पिन काढा, नळी आगीच्या बुडाशी रोखा, मूठ दाबा आणि डावीकडून उजवीकडे फिरवा, हे नीट दाखवले गेले. 6 किलोच्या पावडरच्या सिलिंडरमधून मारा जेमतेम 15 ते 20 सेकंद चालतो, हे पाहून अनेकांचे डोळे उघडले. मात्र चाळीस माणसांसाठी पाचच सिलिंडर आणले होते, त्यामुळे पाच जणांची हौस फिटली आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. दरपत्रकात ‘सर्वांना प्रत्यक्ष सराव’ असे लिहिले होते. इच्छुकांनी सिलिंडरची संख्या आधीच लेखी ठरवून घ्यावी.

आता तिसऱ्या भागाविषयी. जेवणानंतर संस्थेने अग्निशमन सेवेतून निवृत्त झालेल्या एका तांडेलांना पुढे केले आणि दिवसाचा नूर पालटला. कोकणच्या किनाऱ्यावर नावेवरच्या प्रमुख खलाशाला तांडेल म्हणतात. तोच शब्द पुणे अग्निशमन दलात फायरमनच्या वरच्या पदाला आहे. वर्दीच्या जागी जवानांना प्रत्यक्ष कामाला लावणारा, कोणी ब्रांच (नळीच्या टोकाची तोटी) धरायची आणि कोणी होज (पाण्याची नळी) जोडायचा हे सांगणारा, आणि स्वतःही त्यांच्या बरोबरीने राबणारा हा माणूस. सकाळच्या पडद्यावरचा कॅप्टन आमच्याकडे कोण, असा प्रश्न विचारला तर त्याचे निम्मे उत्तर तांडेल आणि उरलेले निम्मे केंद्रावरचा अधिकारी, असे म्हणता येईल. व्याख्यात्याने हे एक वाक्य सकाळी सांगितले असते, तरी त्याचे दोन तास सत्कारणी लागले असते.

तांडेलसाहेब आल्या आल्या काहीच बोलले नाहीत. दोन्ही हात पाठीमागे बांधून त्यांनी इमारतीला पूर्ण वळसा घातला आणि आम्ही त्यांच्या मागे वरातीसारखे चाललो. मागच्या बाजूला उभी असलेली दोन चारचाकी वाहने, गच्चीवर जाणाऱ्या दाराचे कुलूप, पाइप गॅसची मुख्य झडप, जनरेटरजवळचे डिझेलचे कॅन, सगळे त्यांनी पाहिले. वॉचमनला विचारले, ‘‘मामा, फायरच्या पंपाचं बटण कुठं आहे?’’ मामांना माहीत होते, अध्यक्षांना नव्हते. मग ते तिसऱ्या मजल्यावर गेले आणि होजबॉक्स उघडला. आत गुंडाळलेल्या होजच्या पुढ्यात एक केरसुणी आणि रांगोळीचा डबा होता. त्यांनी दोन्ही वस्तू काढून शेजारच्या उंबऱ्यावर अलगद ठेवल्या, लँडिंग व्हॉल्व्हचे, म्हणजे होजला पाणी सोडणाऱ्या झडपेचे, चाक फिरवून पाहिले आणि ते हलेना, तेव्हा माझ्याकडे नुसते पाहिले. त्या नजरेचे शुल्क दरपत्रकात धरलेले नव्हते.

ही फेरी म्हणजेच प्रमुखाचे पहिले काम, असे त्यांनी नंतर समजावले. आग दिसते त्या बाजूवरून ती किती आहे हे कळत नाही. चारही बाजू पाहिल्याशिवाय, आत माणसे किती, धूर कुठून निघतो, त्याचा रंग काय, पाणी कुठून मिळेल आणि परत फिरायला वाट कोणती, हे ठरवल्याशिवाय पहिला माणूस आत घालायचा नाही. पाहून झाले की नियंत्रण कक्षाला मोजक्या शब्दांत कळवायचे, कारण आणखी बंब मागवायचे असतील तर ते पहिल्या काही मिनिटांतच मागवावे लागतात. उशिरा मागवलेली मदत वाहतुकीत अडकते, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको.

सराव सुरू झाला तेव्हा त्यांनी मला प्रमुख केले आणि दोन तरुण सभासदांना जवान. पाचव्या मजल्यावर एक आजी अडकल्या आहेत, अशी कल्पना होती. मी उत्साहाने त्या दोघांबरोबर जिन्याकडे धावलो, तोच मागून त्यांची हाक आली. ‘‘साहेब, तुम्ही आत गेलात, आता बाहेर कोण आहे?’’ मला परत यावे लागले. पहिल्या पथकाच्या प्रमुखापुढे हा प्रश्न दर वेळी असतो. माणसे कमी आणि जीव धोक्यात असेल, तर तो स्वतःही आत जातो आणि मागून येणाऱ्या अधिकाऱ्याकडे बाहेरची सूत्रे सोपवतो. आग मोठी असेल तर तो बाहेरच थांबतो. पण यांपैकी आपण काय केले, हे सर्वांना माहीत असले पाहिजे. आत शिरलेला आणि बाहेरूनही हुकूम देणारा प्रमुख दोन्हीकडे नसतो.

मग त्यांनी पिशवीतून लहान मुलांची पाटी काढली. तिच्यावर खडूने आत जाणाऱ्या दोघांची नावे, आत गेल्याची वेळ आणि सिलिंडरमधील हवेचा दाब लिहायचा. बीए सेटच्या 6 लिटरच्या सिलिंडरमध्ये 300 बार दाबाने सुमारे 1,800 लिटर हवा मावते. मिनिटाला 40 लिटर धरले तर कागदावर 45 मिनिटे होतात, पण वजन घेऊन जिने चढणारा माणूस त्याहून कितीतरी अधिक हवा ओढतो, आणि त्यातली काही हवा परतीसाठी राखून ठेवावीच लागते. म्हणून आत गेलेल्या माणसाचे घड्याळ त्याच्या स्वतःकडे नसते, ते बाहेर पाटी धरून उभ्या असलेल्याकडे असते. हे सांगून त्यांनी एक रिकामा सेट माझ्या पाठीवर बांधला आणि चौथ्या मजल्यापर्यंत चालून यायला सांगितले. तिसऱ्या मजल्यावरच मला कठड्याचा आधार घ्यावा लागला. खांद्यात रुतणारे ते पट्टे सोडवताना दुधाच्या रांगेतले आजोबा आठवले आणि आमच्या बेजबाबदार उत्तरापायी सात मजले चढलेले ते दोन जवानही.

प्रमुख एकच असावा, हे पटवण्यासाठी त्यांनी 14 एप्रिल 1944 च्या मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीचा दाखला दिला. फोर्ट स्टिकिन या जहाजावर कापसाच्या गाठी आणि सुमारे 1,400 टन स्फोटके एकत्र भरलेली होती. दुपारी कापसाने पेट घेतला. जहाज तिथेच बुडवावे की खोल समुद्रात ओढून न्यावे, यावर जहाजाचे, गोदीचे आणि सैन्याचे अधिकारी आपापली मते मांडत राहिले, कोणाचाच निर्णय अखेरचा ठरला नाही, आणि चारच्या सुमारास स्फोट झाला. पाणी मारत असलेले 66 अग्निशमन जवान त्यात गेले. देशभर 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्या स्मरणार्थ पाळला जातो. आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर त्याचे पत्रक दर वर्षी लागते, पण ती तारीख कुठून आली, हे त्या दिवशी मला प्रथमच कळले.

एका सभासदाने काळबादेवीच्या आगीचा विषय काढला. 9 मे 2015 रोजी लागलेल्या त्या आगीत इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाने आपले प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गमावले. माणसे मागे घेण्याचा हुकूम केव्हा द्यायचा, असा त्याचा प्रश्न होता. तांडेलसाहेब थोडा वेळ गप्प राहिले. तिथे उभे नसलेल्याने त्या दिवसाविषयी बोलू नये, असे म्हणून त्यांनी केवळ सर्वसाधारण खुणा सांगितल्या: भिंतीला गेलेले तडे, पुढे झुकलेला सज्जा, जुन्या इमारतीतील जळून बारीक झालेल्या लाकडी तुळया, आणि ओतलेले पाणी बाहेर येत नसेल तर वरच्या मजल्यांवर साचणारे त्याचे वजन. त्यांच्या या संयमाने माझ्या मनातला त्यांच्याविषयीचा आदर आणखी वाढला.

सरावाचा निकाल फारसा अभिमानास्पद नव्हता. इमारत रिकामी व्हायला 19 मिनिटे लागली, दोन कुटुंबे लिफ्टने उतरली, आणि खाली जमल्यावर डोकी मोजली तेव्हा तीन माणसे कमी भरली. ती बाहेरगावी होती, हे शेजाऱ्यांना ठाऊक होते, पण यादी करणाऱ्याला कोणी सांगितले नाही. आता प्रत्येक मजल्यावर एक जबाबदार व्यक्ती नेमली आहे आणि ती आपल्या मजल्याची माहिती फक्त एकाच माणसाला देते. तो माणूस मी नसून दुसऱ्या मजल्यावरच्या एक निवृत्त परिचारिका आहेत. ही निवड तांडेलसाहेबांची. सरावात ज्यांचा आवाज एकदाही चढला नाही, अशा त्या एकट्याच होत्या.

एक व्यावहारिक बाब राहिली. या संस्थेच्या माहितीपत्रकात ‘अग्निसुरक्षा प्रमाणपत्र मिळेल’ असा मोघम उल्लेख होता आणि आमच्या खजिनदारांनी त्याचा अर्थ फॉर्म बी असा घेतला. तो अर्थ चूक आहे. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजेच फॉर्म बी, परवानाधारक एजन्सीकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, सादर करावे लागते. प्रशिक्षणाला हजर राहिल्याचा कागद त्याची जागा घेऊ शकत नाही. विचारल्यावर संस्थेने हे मान्य केले, पण न विचारता सांगितले असते तर बरे झाले असते. आमचे न हलणारे चाक तेलपाणी करून आणि वायसर बदलून फॉर्म बीच्या तपासणीआधी सुरू झाले, त्याचे श्रेय मात्र त्या दुपारलाच द्यावे लागेल.

एकूण शुल्काचा विचार करता सकाळचा भाग टाळता आला तर टाळावा, सिलिंडर अधिक मागावेत, आणि सरावासाठी प्रत्यक्ष वर्दीवर पथक सांभाळलेला माणूस येणार आहे का, याची आधी खात्री करून घ्यावी. आम्ही जानेवारीत केवळ अर्ध्या दिवसाचे दुसरे सत्र मागितले आहे. संस्थेने सकाळच्या त्याच व्याख्यात्याचे नाव कळवले, तेव्हा तांडेलसाहेब येणार असतील तरच तारीख कायम करावी, असे मी लेखी कळवले आहे. उत्तर अजून आलेले नाही.