ओल्या लाकडासाठी पीईजी : पिंपावरचा आकडा बघूनच घ्या

पॉलिथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पीईजी, बद्धकोष्ठाच्या औषधात असतं आणि किनाऱ्यावरच्या चिखलातून निघालेली घरं वाचवायलाही तेच लागतं. अमेरिकेच्या वायव्य टोकाला ओझेट इथे मकाह या मूळनिवासी लोकांची सीडरच्या फळ्यांची घरं दरडीखाली गाडली गेली, त्यांच्याकडे लेखी नोंदींचा काळ सुरू होण्याआधी. 1970 ते 1981 या काळात पाण्याचे फवारे मारून चिखल धुतला, तेव्हा 50,000हून जास्त वस्तू निघाल्या. त्यात समुद्री पाणमांजराचे 700 दात जडवलेला, देवमाशाच्या पराचा लाकडी नमुनाही होता. तिथल्या लाकडालाही पीईजीच दिलं.

असं लाकूड दिसतं शाबूत, पण सेल्युलोज जिवाणूंनी खाल्लेलं असतं आणि पेशी आतल्या पाण्यावर तगलेल्या असतात. पाणी उडालं की फळी आक्रसते, पिळवटते. पीईजी त्या पाण्याची जागा घेतं.

पिंपावरचा आकडा हा सरासरी रेणुभार. 400 पातळ, 1500 मऊ मेणासारखं, 4000च्या कडक पापड्या. खरेदीआधी एक छोटा तुकडा ओला तोला, 105 अंशांवर सुकवून पुन्हा तोला. पाणी कोरड्या वजनाच्या 185 टक्क्यांहून कमी भरलं तर लाकूड बऱ्यापैकी टणक आहे. त्यात मोठा रेणू शिरत नाही, 400च घ्या. 400 टक्क्यांच्या वर गेलं तर टाचणी सहज आत जाते. तिथे 2000 किंवा 4000. जाड खांब बहुधा बाहेरून कुजका, आतून घट्ट असतो, म्हणून आधी 400, मग 4000.

आधी साध्या पाण्यात ठेवून क्षार काढा. मग 10 टक्क्यांपासून सुरुवात करून 5–10 टक्क्यांनी वाढवा, आणि वस्तूचं वजन स्थिरावल्याशिवाय पुढचा टप्पा नाही. इथेच घाई नडते: द्रावण एकदम दाट केलं तर पीईजी आत जाण्याआधी पाणी बाहेर येतं आणि लाकूड टाकीतच आक्रसतं. पातळ द्रावणाला बुरशी येते, त्याला बोरिक आम्ल-बोरॅक्स. टाकी प्लास्टिकची किंवा स्टेनलेस स्टीलची. साधं लोखंड गंजतं.

टोपल्या, पेट्या अशा लहान वस्तूंना 2000चं 40 टक्क्यांपर्यंतचं द्रावण आणि नंतर फ्रीझ-ड्राइंग, म्हणजे गोठवून निर्वातात सुकवणं. लाकूड हलकं राहतं, रंगही फार बदलत नाही. आमच्या मते पैसे वसूल होतात ते इथे. फक्त 400 जास्त झालं तर ते नेहमीच्या थंडीत गोठत नाही आणि सगळी मेहनत पाण्यात.

तक्रारी आहेतच. नुसत्या भिजवलेल्या फळ्या काळपट, ओशट, जड होतात. 400 हवेतला दमटपणा ओढतं, कोकणातल्या पावसाळ्यात तर फळीला घामच फुटेल. साठवणीत आर्द्रता 55 टक्क्यांच्या आसपास हवी. समुद्री चिखलातलं गंधक आणि खिळ्यांचं लोखंड लाकडात राहिलं तर पुढे आम्ल तयार होतं. स्टॉकहोमच्या, समुद्रातून वर काढलेल्या वासा जहाजावर ते 2000 साली दिसलं, पीईजीची फवारणी 1979मध्येच थांबली असूनही. आणि पीईजी पेट्रोलियमपासून बनतं, त्यामुळे कार्बन-14 चाचणीने काढलेलं लाकडाचं वय खोटंच जास्त येतं. तारखेसाठीचा तुकडा टाकी भरण्याआधीच कापून, लेबल लावून, नुसत्या पाण्यात वेगळा ठेवा.