डॉक्सिसायक्लिनचे साडेतीन महिने आणि काचेतून येणारे ऊन

चेहऱ्यावरील व पाठीवरील मुरुमांसाठी मी डॉक्सिसायक्लिनची १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल, रोज एक याप्रमाणे, साडेतीन महिने घेतली. ती बंद करून आता पाच आठवडे झाले आहेत. मुरुमांपुरते बोलायचे तर मला चांगला गुण आला. दीड महिन्यानंतर मोठे, दुखरे फोड उठणे जवळपास थांबले आणि पाठ तर पूर्ण स्वच्छ झाली. मात्र या औषधाच्या काळात उजेडाशी कसे वागावे लागते, हे मला आधी कोणी नीट समजावले असते तर बराच त्रास वाचला असता, म्हणून त्याविषयीच सविस्तर लिहिते.

औषध देताना डॉक्टरांनी “उन्हात फार जाऊ नका” एवढेच सांगितले होते आणि मी ते पाळलेही होते. तिसऱ्या आठवड्यात गाडीने तीन तासांचा प्रवास झाला. काचा बंद होत्या, आकाश अधूनमधून ढगाळ होते आणि मी मागच्या सीटवर खिडकीजवळ बसले होते. संध्याकाळी हाताची आग होऊ लागली आणि रात्री त्यावर चादरीचा स्पर्शही सहन होईना. सकाळी पाहिले तर खिडकीकडचा हात कोपरापासून बोटांपर्यंत लालबुंद झाला होता, दुसरा हात नेहमीसारखा होता, आणि घड्याळाच्या पट्ट्याखालची त्वचा इतकी निर्मळ राहिली होती की लालीची कड पट्टीने आखल्यासारखी दिसत होती. त्या आखीव कडेवरूनच, औषध चालू असताना उजेड लागल्याने त्वचा भाजली आहे, असे निदान त्वचारोगतज्ज्ञांनी केले. उजेडामुळे उठणारी अ‍ॅलर्जी असती तर ती बहुधा एकदोन दिवसांनी उमटली असती आणि झाकलेल्या त्वचेवरही पसरू शकली असती, असे त्यांनी सांगितले.

औषधाचे रेणू त्वचेत असताना अतिनील किरण शोषून घेतात आणि त्या ऊर्जेने आसपासच्या पेशी भाजतात. यात रोगप्रतिकारशक्तीचा संबंध नसल्यामुळे पहिल्याच वेळी हा त्रास होऊ शकतो, आणि औषधाची मात्रा व उजेड जितका जास्त तितका तो वाढतो. हे काम प्रामुख्याने ३२० ते ४०० नॅनोमीटरच्या यूव्हीए किरणांचे असते. एरवी आपली त्वचा भाजणारे यूव्हीबी किरण साधी काच बऱ्याच अंशी अडवते, पण यूव्हीए तिच्यातून आत येतात. गाडीची पुढची काच दोन थरांची असल्याने त्यांना बहुतांशी रोखते. बाजूच्या काचांचा तसा भरवसा धरता येत नाही. म्हणजे मी उन्हात गेलेच नव्हते, ऊन माझ्याकडे आले होते.

औषध बदलण्याचा पर्याय मला दिला गेला होता, पण गुण दिसत असल्याने मी ते चालू ठेवले. सनस्क्रीन निवडताना केवळ एसपीएफचा आकडा पाहणे ही माझी जुनी चूक होती, कारण तो आकडा मुख्यतः यूव्हीबीपासूनच्या संरक्षणाचा असतो. यूव्हीएपासूनही संरक्षण देणारे, म्हणजे ब्रॉड स्पेक्ट्रम असे लिहिलेले सनस्क्रीन घ्यावे लागते. ते मी पूर्वीच्या दुपटीहून अधिक लावू लागले आणि बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा लावत राहिले. तरीही खरा आधार मला घट्ट विणीच्या लांब बाह्यांचाच वाटला. त्यानंतर पुन्हा भाजले नाही.

एक गोष्ट मात्र उशिरा कळली. त्या प्रवासानंतर काही आठवड्यांनी त्याच हाताच्या अंगठ्याचे नख टोकाकडून सुटू लागले. खाली पांढरट पोकळी दिसे आणि दाबल्यावर दुखे. बुरशी समजून मी घाबरले होते, पण तोही उजेडाचाच परिणाम निघाला. नख सावकाश पुढे येत आहे, आतापर्यंत अर्धे आले आहे.

डोळ्यांविषयी वेगळे सांगणे आवश्यक आहे. या औषधाच्या काळात सतत डोकेदुखी आणि त्यासोबत अंधुक दिसू लागले, तर ते उन्हावर ढकलून थांबू नये. क्वचित कवटीतील दाब वाढल्याने तसे होते आणि डॉक्टरांना लगेच गाठावे लागते. मला तसे झाले नाही.

उजेडात त्वचेला त्रास देऊ शकणारी औषधे आणखीही आहेत. रक्तदाबासाठीचे हायड्रोक्लोरोथायाझाइड, वेदनाशामक नेप्रोक्सेन, बुरशीवरील व्होरिकोनाझोल, हृदयाच्या ठोक्यांसाठीचे अमिओडॅरोन, एवढेच काय दुखऱ्या सांध्यावर चोळायचे किटोप्रोफेन जेलसुद्धा याच यादीत आहे. ते जेल बंद केल्यावरही दोन आठवडे ती जागा झाकून ठेवावी लागते, आणि अमिओडॅरोन तर शरीरात महिनोन्‌महिने रेंगाळते. डॉक्सिसायक्लिन काही दिवसांतच निघून जाते, म्हणून शेवटच्या कॅप्सूलनंतर आठवडाभर मी लांब बाह्या सोडल्या नाहीत. मध्यंतरी गुडघा दुखला तेव्हा वेदनाशामकाची चिठ्ठी हातात घेण्याआधीच चालू औषधाचे नाव डॉक्टरांना सांगितले, आणि त्यांनी नेप्रोक्सेन खोडून दुसरी गोळी लिहिली.