कीक्लोक आणि जँगो: सिंगल साइन-ऑनच्या काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या संस्थेत हजेरी, बिलं आणि भांडार अशा तीन वेबसाइट्स जँगो या पायथनमधल्या वेब-चौकटीवर चालतात. तिन्हींचे पासवर्ड वेगळे होते आणि नवीन माणूस रुजू झाला की तीन ठिकाणी खाती उघडावी लागायची. कुणी नोकरी सोडली की तिन्हीकडची खाती बंद झाली का, हे कुणालाच खात्रीनं सांगता येत नसे. म्हणून एकाच लॉगिनवर तिन्ही साइट्स उघडाव्यात (सिंगल साइन-ऑन) यासाठी कीक्लोक हे ओळख तपासणारं सॉफ्टवेअर बसवलं आणि जँगोशी जोडायला मोझिला-जँगो-ओआयडीसी ही लायब्ररी घेतली. तेव्हापासून सगळे रोज त्यातूनच लॉगिन करतात. उद्या पुन्हा निवड करायची झाली तर मी हीच जोडी घेईन. पण लॉगिन अडलं की पडद्यावर जे दिसतं त्यावरून कारण जवळजवळ कधीच कळत नाही. कारण कुठे शोधायचं हे आधी माहीत असतं तर आमचा बराच वेळ वाचला असता, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

कीक्लोकबद्दल थोडक्यात. ते रेड हॅटमध्ये सुरू झालं, २०१४ मध्ये पहिली आवृत्ती आली आणि २०२३ पासून ते सीएनसीएफ या मुक्त स्रोत प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे. मुक्त स्रोत आहे, परवान्याला पैसे लागत नाहीत, ओपनआयडी कनेक्ट आणि सॅमल ही लॉगिनची दोन्ही प्रमाणं त्यात येतात. जुनी मार्गदर्शनं वाचताना एक पाहा: १७ व्या आवृत्तीपासून पत्त्यातला ‘/ऑथ’ हा तुकडा मुळात नसतो. जुना पत्ता जसाच्या तसा उतरवला की ४०४ (पान सापडलं नाही) येतं आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

सर्वांत जास्त छळलं ते न संपणाऱ्या फेऱ्यांनी. वापरकर्ता पासवर्ड बरोबर टाकतो, ब्राउझर दोन पत्त्यांमध्ये गरागरा फिरतो आणि शेवटी ‘खूप जास्त रीडायरेक्ट’ असं सांगून थांबतो. पासवर्ड चुकला असेल असं सगळ्यांना वाटतं, पण पासवर्डाचा इथे संबंधच नसतो. कीक्लोकनं माणसाला ओळखलेलं असतं, नाकारतो तो जँगो. लॉगिन फसलं की ही लायब्ररी काही न बोलता माणसाला मुखपृष्ठावर पाठवते, कारण अपयशानंतर कुठे जायचं याची मूळ सेटिंग ‘/’ आहे. मुखपृष्ठालाच लॉगिन सक्तीचं असेल तर ते पुन्हा कीक्लोककडे धाडतं. तिथलं सेशन (एकदा केलेल्या लॉगिनची चालू नोंद) जिवंत असल्यामुळे कीक्लोक काही न विचारता लगेच परत पाठवतं, जँगो पुन्हा नाकारतो आणि फेरा सुरू राहतो. उपाय सोपा आहे: अपयशासाठी लॉगिन न लागणारं एक वेगळं पान बनवा आणि सेटिंगमध्ये त्याचा पत्ता द्या. आमच्या पानावर ‘लॉगिन पूर्ण झालं नाही’ एवढं वाक्य, वेळ आणि मदतीचा क्रमांक आहे. हे पान लागल्यापासून तक्रारीसोबत नेमकी वेळ येते आणि त्या वेळेवरून लॉगमधली ओळ सापडते.

आता लॉगबद्दल. जोडणी करण्याआधीच दोन्हीकडचे लॉग चालू करा. जँगोच्या लॉगिंगमध्ये या लायब्ररीच्या नावाचा लॉगर जोडा आणि पातळी डिबग (सर्वांत तपशीलवार) ठेवा. आपोआप नवीन खाती बनवणं बंद केलेलं असेल, तर ‘असा वापरकर्ता सापडला नाही’ ही ओळ फक्त डिबगलाच दिसते. कीक्लोककडे रेल्मच्या (वापरकर्ते आणि साइट्स यांचा एक गट) सेटिंगमध्ये इव्हेंट साठवण्याचा पर्याय चालू करावा लागतो. तो चालू असेल तर लॉगिन कुठवर पोचलं होतं हे तिथे दिसतं. लॉगिन झालं की कीक्लोक एक छोटा कोड परत पाठवतं आणि जँगो तो देऊन टोकन, म्हणजे ओळखीचा दाखला, घेतो. कीक्लोककडे लॉगिन यशस्वी आणि कोडचं टोकन करतानाची पायरी अपयशी, अशी नोंद असेल तर क्लायंट सीक्रेट (कीक्लोकनं जँगोला दिलेला गुप्त शब्द), पत्ता किंवा मुदत तपासा. त्या कोडची मुदत साधारण एका मिनिटाची असते. दोन्ही पायऱ्या यशस्वी असतील तर कीक्लोकला दोष देणं थांबवा आणि जँगोचा लॉग उघडा.

जँगोच्या बाजूला सर्वाधिक वेळा दिसणारी तक्रार म्हणजे ‘स्टेट सेशनमध्ये सापडलं नाही’. लॉगिनला पाठवताना जँगो एक यादृच्छिक मजकूर, म्हणजे स्टेट, सेशनमध्ये ठेवतो आणि परत आल्यावर ते जुळवतो. जुळलं नाही तर वापरकर्त्याला कोरडं ४०० चं (चुकीची विनंती) पान दिसतं. सेशनमध्ये स्टेटची नोंदच नसेल तर मात्र ४०० सुद्धा येत नाही, वर सांगितलेला मूक नकार मिळतो. एकाच दुखण्याची ही दोन वेगळी रूपं आहेत हे कळलं तेव्हा अर्धं कोडं सुटलं. यामागे बहुधा कुकी असते. सुरक्षेसाठी म्हणून कुणी सेशन कुकीचं सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून येताना कुकी पाठवायची का, हे ठरवणारी सेटिंग) ‘स्ट्रिक्ट’ केलं, आणि कीक्लोक वेगळ्या डोमेनवर असलं, तर तिथून परतताना ब्राउझर ती कुकी पाठवतच नाही. जँगोचं मूळ मूल्य ‘लॅक्स’ आहे, ओपनआयडी कनेक्टसाठी तेच ठेवा. सॅमल वापरणाऱ्यांना मात्र लॅक्सही अडवतं, कारण तिथे उत्तर सहसा पोस्ट विनंतीनं (फॉर्म भरून पाठवल्यासारखं) येतं आणि दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्टबरोबर लॅक्स कुकी जात नाही.

दुसरं कारण जास्त फसवं आहे: सेशन कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) आणि कॅश प्रत्येक प्रोसेसच्या स्वतःच्या मेमरीत. सर्व्हरवर चार वर्कर (स्वतंत्र प्रोसेस) असतील तर जाताना एकानं ठेवलेलं स्टेट परतताना दुसऱ्याला दिसत नाही. मग लॉगिन कधी होतं, कधी होत नाही, आणि विकासकाच्या लॅपटॉपवर एकच प्रोसेस असल्यामुळे तिथे नेहमीच होतं. सेशन डेटाबेसमध्ये किंवा रेडिस या सगळ्या प्रोसेसना दिसणाऱ्या साठ्यात ठेवा. तिसरं कारण माणसांच्या सवयीचं. बरेच जण कीक्लोकचं लॉगिनचं पानच बुकमार्क करतात. त्या पत्त्यात जुनं स्टेट अडकलेलं असतं. बुकमार्क आपल्या वेबसाइटच्या पत्त्याचा करायचा, एवढी एक सूचना सगळ्यांना देऊन ठेवा.

‘इनव्हॅलिड पॅरामीटर: रीडायरेक्ट युआरआय’ ही चूक निदान स्पष्ट बोलते. लॉगिननंतर परत यायचा पत्ता कीक्लोकमध्ये नोंदवलेल्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे, शेवटची तिरकी रेघसुद्धा. एनजिनएक्स या प्रॉक्सीच्या (विनंत्या पुढे पोचवणाऱ्या मधल्या सर्व्हरच्या) मागे जँगो असेल तर एचटीटीपीएस प्रॉक्सीपाशीच संपतं आणि जँगोला वाटतं आपण साध्या एचटीटीपीवर आहोत. मग तो तसाच पत्ता बनवून पाठवतो. प्रॉक्सीनं मूळ प्रोटोकॉलचा हेडर पुढे द्यायचा आणि जँगोला त्या हेडरवर विश्वास ठेवायला सांगायचं, की हे मिटतं. बाहेरून आलेला तोच हेडर प्रॉक्सी पुसून टाकते ना, हे आधी बघा, नाहीतर ती सेटिंग धोक्याची आहे. नोंदवलेल्या पत्त्यात तारांकन (*, म्हणजे पुढे काहीही चालेल) टाकून सगळंच चालवून घेण्याचा मोह होतो. प्रत्यक्ष वापरातल्या साइटवर तसं अजिबात करू नका. आपला लॉगिन कोड कुठे पोचेल यावरचा ताबाच त्यानं जातो. लॉगिननंतर ५०२ (मधल्या सर्व्हरला नीट उत्तर मिळालं नाही) येत असेल तर एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये ‘टू बिग हेडर’ शोधा. कीक्लोकच्या कुकीज आणि हेडर त्याच्या मूळ बफरमध्ये (तात्पुरत्या जागेत) मावत नाहीत, बफर वाढवला की झालं.

टोकनवरच्या डिजिटल सहीच्या पद्धतीत सुरुवातीलाच अडायला होतं. लायब्ररी मुळात एचएस२५६ (दोघांकडे एकच गुपित) धरून चालते आणि कीक्लोक आरएस२५६ नं (खासगी किल्लीनं सही, सार्वजनिक किल्लीनं तपासणी) सही करतं. पद्धत बदला आणि सार्वजनिक किल्ल्यांचा पत्ता द्या. डॉकरमध्ये (प्रत्येक प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे बंद डब्यात, ठेवणारं साधन) चालवणाऱ्यांनी आणखी एक तपासावं: ब्राउझर कीक्लोकला ज्या नावानं ओळखतो आणि जँगोचा कंटेनर ज्या नावानं हाक मारतो, ती दोन वेगळी असतील तर टोकनमधला इश्युअर (टोकन देणाऱ्याचा पत्ता) जुळत नाही आणि वापरकर्त्याची माहिती मागताना ४०१ (ओळख अमान्य) येतं. कीक्लोकला होस्टनेम स्पष्टपणे ठरवून द्या.

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती. ही लायब्ररी माणूस ओळखते ईमेलवरून. लग्नानंतर एका सहकारी ताईंचं आडनाव बदललं, त्याबरोबर कार्यालयाचा ईमेलही बदलला. त्यांनी लॉगिन केलं आणि समोर आलं कोरं करकरीत नवीन खातं, जुनी एकही नोंद नाही. चूक म्हणावी असं काहीच कुठे दिसत नव्हतं, लॉग स्वच्छ होता. उलट बाजूनं, जुन्या डेटाबेसमध्ये एकाच ईमेलची दोन खाती असतील तर ‘मल्टिपल युजर्स’ म्हणून त्या माणसाला प्रवेशच मिळत नाही. ओपनआयडी कनेक्टच्या अधिकृत दस्तऐवजात स्पष्ट म्हटलंय की इश्युअर आणि ‘सब’ (वापरकर्त्याचा न बदलणारा ओळख क्रमांक) ही जोडीच ओळखीसाठी भरवशाची. ईमेल बदलू शकतो, दुसऱ्याला दिलाही जाऊ शकतो. लायब्ररीच्या बॅकएंडवरून (लॉगिन तपासणारा क्लास) आपला क्लास बनवून त्यातली वापरकर्ता शोधणारी पद्धत बदला, ‘सब’ वेगळ्या रकान्यात साठवा. पहिल्या जोडणीपुरता ईमेल वापरायचा असेल तर तो पडताळलेला आहे का हे नक्की बघा. हे काम पहिल्याच आठवड्यात करून टाका. माणसं वाढल्यावर खाती एकत्र करणं फार कष्टाचं आहे.

लॉगआउटचीही तक्रार येतेच: ‘बाहेर पडलो, तरी पासवर्ड न विचारता आत कसा गेलो?’ जँगोनं फक्त स्वतःचं सेशन संपवलेलं असतं. कीक्लोकच्या लॉगआउटच्या पत्त्यावरही जावं लागतं. १८ व्या आवृत्तीपासून तिथे आयडी टोकन (लॉगिन कुणाचं हे सांगणारं टोकन) सोबत द्यावं लागतं, नाहीतर ते ‘खरंच बाहेर पडायचं का’ असं विचारतं. त्यासाठी लायब्ररीला टोकन सेशनमध्ये ठेवायला सांगा. सेशन सही केलेल्या कुकीत असेल तर इतकं मोठं टोकन तिथे मावणार नाही, हेही ध्यानात घ्या. भांडाराच्या खिडकीवर एकाच संगणकावर पाळीपाळीनं माणसं बसतात, तिथे हे झाल्याशिवाय सिंगल साइन-ऑन सुरू करू नये असं माझं ठाम मत आहे.

नोकरी सोडलेल्या माणसासाठी लायब्ररीचं सेशन ताजं करणारं मिडलवेअर (प्रत्येक विनंती आधी पाहणारा कोड) लावलं आहे. ते मुळात दर १५ मिनिटांनी कीक्लोकला गुपचूप विचारतं आणि नकार आला की माणसाला बाहेर काढतं. ते फक्त गेट (माहिती मागणाऱ्या) विनंत्यांवर चालतं. पानातली जावास्क्रिप्ट फेचनं माहिती मागत असेल तर १५ मिनिटांनंतर ती विनंतीही कीक्लोककडे वळते आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये कॉर्सची (दुसऱ्या साइटची माहिती वाचायला ब्राउझरची मनाई) चूक दिसते. कॉर्सच्या सेटिंगशी खेळू नका. विनंतीत एक्स-रिक्वेस्टेड-विथ हा हेडर एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट या मूल्यासह पाठवा, मग वळवण्याऐवजी ४०३ (परवानगी नाही) मिळतं आणि सोबत ताजं करण्याचा पत्ता येतो. आमच्या हजेरीच्या पानावर तो पत्ता मिळाला की पान स्वतःच तिकडे जाऊन परत येतं.